सागरी शोधयात्रांचे दुर्मिळ ग्रंथ : संग्रह, प्रत आणि पुरावा

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेज्वित ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाला आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचला. त्यानंतर सतरा दिवसांनी त्याने इंग्लंडमधील आपल्या वडिलांना एक दीर्घ पत्र लिहिले. गिनीच्या किनाऱ्याजवळ वारा पडल्यामुळे झालेली जहाजाची कोंडी, उडते मासे, शार्क, आशेच्या भूशिराजवळचा खवळलेला समुद्र, मार्ग चुकून सोकोत्रा बेटाच्या दिशेने भरकटलेले जहाज, हिरड्या सुजवणारा दर्यावर्दी रोग, दीडशेहून अधिक आजारी आणि सत्तावीस मृत असा सारा तपशील त्या पत्रात आहे. सत्तावीस ही संख्या त्या काळच्या मानाने अल्पच समजली गेली, हेही तो नोंदवितो. हे खाजगी पत्र रिचर्ड हॅक्लूट या संपादकाने १५८९ मध्ये लंडनमध्ये छापलेल्या इंग्रज समुद्रप्रवासांच्या बृहद्‌ग्रंथात समाविष्ट केले. आज चारशेहून अधिक वर्षांनी ते वाचावयाचे झाल्यास त्या आवृत्तीच्या अनेक प्रती जगातील ग्रंथालयांत उपलब्ध आहेत.

याच स्टीफन्सने पुढे साष्टी प्रांतात राहून मराठीत 'क्रिस्तपुराण' रचले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला आणि १६४९ व १६५४ मध्ये त्याची पुनर्मुद्रणे झाली. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही.

एकाच लेखकाच्या दोन लेखनकृतींच्या वाट्याला आलेल्या या भिन्न गतीचे कारण त्यांच्या गुणवत्तेत शोधणे व्यर्थ आहे. हॅक्लूटचा ग्रंथ प्रथमपासून संग्राहकांच्या हाती पडला. तो सरदारांच्या, व्यापाऱ्यांच्या आणि विद्यापीठांच्या कपाटांत बंदिस्त राहिला आणि पिढ्यानुपिढ्या विकत घेतला गेला. गोव्यात दमट हवा आणि वाळवी यांचे काम अखंड चालू होते, १६८४ मध्ये स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध पोर्तुगीज सत्तेचा हुकूम निघाला आणि या छापील ग्रंथाचे जतन करील असा संग्राहक पुढे आला नाही. दुर्मिळ ग्रंथांचा संग्रह ही धनिकांची हौस आहे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. तो सर्वस्वी खोटा नाही. तथापि सागरी शोधयात्रांच्या ग्रंथांपुरते पाहिले, तर संग्राहक ज्या बाबींची चिकित्सा करतो त्या बहुतांशी इतिहासकाराच्याच बाबी असतात, आणि ग्रंथाची मूळ प्रत हा त्यातील मजकुराहून वेगळा असा एक स्वतंत्र पुरावा असतो, हे प्रस्तुत लेखात काही प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करावयाचे आहे.

एक ग्रंथ की अनेक?

शोधयात्रांच्या ग्रंथांविषयी पहिली अडचण अशी की, त्यांतील बरेचसे ग्रंथ आजच्या अर्थाने 'एक पुस्तक' नाहीत. व्हेनिसच्या शासनसेवेतील जोव्हान्नी बात्तिस्ता रामूझिओ याने प्रवासवर्णनांचे तीन खंड सिद्ध केले. त्यांपैकी पहिला १५५० मध्ये, तिसरा १५५६ मध्ये आणि दुसरा, रामूझिओच्या मृत्यूनंतर, १५५९ मध्ये प्रसिद्ध झाला. खंडांचा क्रम आणि प्रकाशनाचा क्रम जुळत नाही, हे ठाऊक नसलेला ग्राहक वर्षे पाहून गोंधळात पडतो. चौल, दाभोळ, गोवा यांच्यासह पश्चिम किनाऱ्याचे बारकाईने वर्णन करणाऱ्या दुआर्ते बार्बोझाचा वृत्तांत प्रथम छापला गेला तो या पहिल्या खंडात, आणि तोही इटालियन भाषेत. मूळ पोर्तुगीज संहिता लिस्बनमध्ये छापून निघण्यास १८१३ साल उजाडावे लागले. तोमे पिरेशच्या 'सुमा ओरिएंताल' या ग्रंथाचा काही भागही रामूझिओने छापला. परंतु लेखकाचे नाव त्याला ठाऊक नव्हते आणि मसाल्याच्या बेटांविषयीचा भाग त्याला मिळू शकला नव्हता. संपूर्ण हस्तलिखित आर्मांदो कोर्तेझाओ या संशोधकाला पॅरिसमध्ये सापडले ते १९३७ मध्ये आणि हॅक्लूट सोसायटीने ते १९४४ मध्ये प्रकाशित केले. म्हणजे रामूझिओचा १५५० चा खंड हातात घेतला असता त्या वर्षी युरोपीय वाचकाला हिंदी महासागराविषयी काय कळू शकत होते आणि काय कळू दिले जात नव्हते, या दोन्ही गोष्टींची सीमारेषा दिसते. आधुनिक संपादित आवृत्तीत ही रेषा पुसली जाते, कारण संपादकाने ती पोकळी भरून काढलेली असते.

फ्रँकफर्टच्या द ब्री कुटुंबाने १५९० ते १६३४ या काळात अमेरिका आणि पूर्वेकडील देश यांच्या प्रवासांच्या दोन सचित्र मालिका लॅटिन व जर्मन भाषांत काढल्या. भाग वर्षानुवर्षे सुटे विकले जात. ग्राहक ते आपल्या सोयीने बांधून घेई. काही भाग पुन्हा छापले गेले, ताम्रपटांवरील चित्रे झिजली, मथळे बदलले. त्यामुळे द ब्रीचे सर्वस्वी एकसारखे दोन संच मिळणे कठीण, आणि एकोणिसाव्या शतकातील कित्येक संग्राहकांनी 'परिपूर्ण द ब्री' जमविण्यात आयुष्याची वर्षे घालविली. त्यांच्या या वेडाची थट्टाही पुष्कळ झाली. पण कोणते चित्र प्रथम कोठे छापले गेले, हे आज खात्रीने सांगता येते ते त्या वेडामुळेच. या कुटुंबातील कोणीही अमेरिकेला वा हिंदुस्थानला गेले नव्हते. तरीही तेथील माणसे कशी दिसतात, याची युरोपच्या मनातील प्रतिमा मोठ्या प्रमाणात त्यांच्या कार्यशाळेत घडली.

याच संदर्भात यान हाउखेन व्हान लिन्स्खोटेन या डच लेखकाचा 'इटिनेरारिओ' हा ग्रंथ लक्षात घ्यावा लागतो. लिन्स्खोटेन १५८३ मध्ये गोव्याचा आर्चबिशप व्हिसेंते द फोन्सेका याच्या सेवेत गोव्यास आला आणि पाच वर्षांहून अधिक काळ तेथे राहिला. पोर्तुगीज नाविकांजवळच्या जलमार्गांच्या सूचना त्याने गोळा केल्या. अॅम्स्टरडॅमच्या कॉर्नेलिस क्लास या प्रकाशकाने त्याचा ग्रंथ १५९६ मध्ये काढला; मात्र त्यातील जलमार्गविषयक भागाच्या शीर्षकपृष्ठावर १५९५ हे वर्ष आढळते. एकाच बांधणीत दोन वर्षे दिसली की प्रत जोडकाम केलेली असावी, असा संशय नवख्या ग्राहकास येतो. वस्तुस्थिती अशी की, कॉर्नेलिस द हौतमनचा ताफा १५९५ च्या एप्रिलमध्ये पूर्वेकडे निघावयाचा होता आणि त्याला त्या सूचना हव्या होत्या. म्हणून तो भाग आधी छापला गेला. शीर्षकपृष्ठावरील एका अंकाच्या फरकात डच व्यापाराच्या आरंभीची घाई अशी नोंदलेली आहे. १५९८ मध्ये या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यामागेही हॅक्लूटची प्रेरणा होती.

पाने काय सांगतात

प्रतीच्या चिकित्सेचे सर्वांत उद्बोधक उदाहरण खुद्द हॅक्लूटचेच आहे. येथे एक परिभाषा ध्यानात घ्यावी. जुन्या ग्रंथांच्या अभ्यासात 'पान' म्हणजे कागदाचा एक तुकडा आणि 'पृष्ठ' म्हणजे त्याची एक बाजू. पृष्ठांवरील अंक नेहमी विश्वसनीय नसतात. ते चुकतात, पुन्हा येतात, कधी नसतातच. म्हणून संग्राहक अंकांवर न विसंबता फर्म्यांच्या तळाशी छापलेल्या खुणांवरून पानांची जुळणी करतो.

१५८९ च्या आवृत्तीची अशी जुळणी करताना ६४३ व्या पृष्ठानंतर सहा पाने अशी आढळतात की ज्यांवर पृष्ठांकच नाहीत. या पानांत फ्रान्सिस ड्रेकच्या पृथ्वीप्रदक्षिणेचा वृत्तांत आहे. ड्रेक १५८० मध्ये परतला, परंतु स्पेनच्या वसाहतींवर त्याने केलेली लूट आणि त्याचा मार्ग यांविषयी राजदरबाराने गुप्तता पाळली होती. हॅक्लूटने प्रस्तावनेत हा वृत्तांत आपण देत नसल्याचे सूचित केले आणि तरीही तो नंतर छापून ग्रंथात घातला गेला. सर्व प्रतींत ही पाने नाहीत. ज्या प्रतींत ती आहेत त्यांचे मोल अर्थातच अधिक. परंतु पाने नसलेली प्रतही निरर्थक नव्हे. प्रस्तावनेतील नकार आणि ग्रंथातील अंकहीन पाने एकत्र पाहिली असता राजकीय बंधन सैल होत गेल्याचा क्षण हाती लागतो. नंतरच्या मुद्रणात हा वृत्तांत क्रमवार पृष्ठांकांसह छापला जातो आणि तो क्षण नाहीसा होतो.

हॅक्लूटने १५९८ ते १६०० या काळात याच ग्रंथाची तीन खंडांची विस्तारित आवृत्ती काढली. पहिल्या खंडाच्या अखेरीस, ६०७ ते ६१९ या पृष्ठांवर, इंग्रज आरमाराने १५९६ मध्ये स्पेनच्या कादिझ बंदरावर केलेल्या स्वारीचे वर्णन होते आणि १५९८ च्या शीर्षकपृष्ठावर त्या विजयाचा उल्लेखही होता. त्या स्वारीचा एक नायक, अर्ल ऑफ एसेक्स, पुढे राणीच्या मर्जीतून उतरला. परिणामी कादिझची पाने काढून टाकली गेली आणि उल्लेख वगळलेले नवे शीर्षकपृष्ठ १५९९ हे वर्ष घालून छापले गेले. आज या खंडाच्या काही प्रतींत १५९८ चे शीर्षकपृष्ठ आणि कादिझची पाने दोन्ही आहेत, काहींत दोन्ही नाहीत, तर काहींत नवे शीर्षकपृष्ठ असूनही पाने राहून गेली आहेत. आज्ञेचे पालन किती काटेकोर झाले, हे या प्रतींची मोजदाद केल्यावाचून कळणार नाही. अठराव्या शतकात ही गाळलेली पाने मुद्दाम पुन्हा छापून अपुऱ्या प्रतींत बसविण्यात आली. म्हणून संग्राहकाला कागद, अक्षरांचे ठसे आणि ओळींची मोडणी पाहून सोळाव्या शतकातील पाने आणि अठराव्या शतकातील भरती यांत भेद करावा लागतो.

याच आवृत्तीच्या मोजक्याच प्रतींत एडवर्ड राइट आणि एमरी मॉलिनो यांच्या नावांशी निगडित असलेला जगाचा नकाशा टिकून आहे. शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट' या नाटकात इंडीजची भर घातलेल्या नव्या नकाशाचा विनोदी उल्लेख येतो तो याच नकाशाचा असावा, असे अभ्यासकांचे मत आहे. घडी घातलेले मोठे नकाशे सर्वांत आधी फाटतात आणि सर्वांत आधी चोरीस जातात. त्यामुळे 'नकाशासह' हे दोन शब्द विक्रेत्यांच्या सूचीत वजनदार ठरतात.

पोर्तुगीज साहित्यातही असेच एक कोडे आहे. वास्को द गामाच्या जलप्रवासावर आधारलेले कामोंइशचे महाकाव्य 'ओस लुझिआदश' १५७२ मध्ये लिस्बन येथे प्रसिद्ध झाले. परंतु १५७२ हेच वर्ष असलेल्या प्रती दोन प्रकारच्या आहेत. शीर्षकपृष्ठाच्या चौकटीतील पेलिकन पक्ष्याची मान एकीत डावीकडे तर दुसरीत उजवीकडे वळलेली आहे. यांतील मूळ कोणती, या प्रश्नावर विद्वानांनी दीर्घकाळ वाद घातला. संहितेच्या शुद्धाशुद्धतेचा प्रश्नही त्याच पक्ष्याच्या मानेशी बांधला गेला.

एका दर्यावर्दीच्या मुलाचे ग्रंथालय

कोलंबसाच्या पहिल्या प्रवासाची वार्ता देणारे पत्र १४९३ मध्ये बार्सिलोनात स्पॅनिश भाषेत छापले गेले. त्या मुद्रणाची आज एकच प्रत ज्ञात असून ती न्यू यॉर्क पब्लिक लायब्ररीत आहे. त्याच वर्षी रोममध्ये त्याचे लॅटिन भाषांतर निघाले आणि ते बाझेल, पॅरिस आदी ठिकाणी पुन्हा छापले गेले. चार-आठ पानांची ही पत्रके वाचून टाकून देण्याजोगी होती. म्हणूनच ती दुर्मिळ झाली. मोठे ग्रंथ त्यांच्या आकारमानामुळे आणि बांधणीमुळे टिकतात, पत्रके टिकत नाहीत, हा ग्रंथसंग्रहातील एक सर्वसाधारण अनुभव आहे.

कोलंबसाचा धाकटा मुलगा हेर्नांदो कोलोन याला मात्र पत्रकांचेही मोल कळले होते. वयाच्या तेराव्या वर्षी त्याने पित्यासोबत चौथा जलप्रवास केला आणि पुढे युरोपभर हिंडून सुमारे पंधरा हजार ग्रंथ जमविले. जगातील सर्व विषयांचे, सर्व भाषांतील ग्रंथ एका छताखाली आणावेत, अशी त्याची महत्त्वाकांक्षा होती. ग्रंथ कोठे घेतला, केव्हा घेतला, किती नाण्यांना घेतला आणि त्या दिवशी त्या नाण्याचा सोन्याच्या दुकाताशी काय भाव होता, याची नोंद तो ग्रंथातच करून ठेवी. सोळाव्या शतकातील पुस्तकांच्या किमतींविषयी आज जे विश्वसनीय ज्ञान आहे, त्यातील मोठा भाग या हस्ताक्षरातील नोंदींतून मिळाला आहे. व्हेनिसमध्ये खरेदी केलेले सोळाशेहून अधिक ग्रंथ जहाजासह बुडाले. त्यांची यादी मात्र त्याच्याजवळ होती आणि ती त्याने जपून ठेवली. संग्राहकाची शिस्त म्हणजे काय, हे या एका यादीवरून समजावे.

हेर्नांदो १५३९ मध्ये वारला. त्याच्या संग्रहातील चार हजारांच्या आसपास ग्रंथ सेव्हिल येथील कोलोम्बिना ग्रंथालयात शिल्लक आहेत. त्यांत खुद्द कोलंबसाने वापरलेल्या प्रतीही आहेत. प्येर द'आयीच्या 'इमागो मुंदी' या भूगोलग्रंथाच्या आणि मार्को पोलोच्या प्रवासवर्णनाच्या समासांत टिपांची दाटी झालेली आहे. 'इमागो मुंदी'ची संहिता अन्यत्रही मिळते. परंतु पृथ्वीचा परीघ लहान आणि पश्चिमेकडून पूर्वेला जाणारा समुद्र अरुंद आहे, या कल्पनेला कोलंबसाने कोणत्या वाक्यांतून आधार शोधला, हे केवळ त्या एका प्रतीच्या समासातच दिसते. ती प्रत हरवली असती तर मजकूर कोठेही कमी झाला नसता. हरवला असता तो कोलंबसाचा विचार.

हेर्नांदोने नेमलेले वाचक ग्रंथांचे सारांश लिहीत असत. त्या सारांशांचा सुमारे दोन हजार पृष्ठांचा बृहद्ग्रंथ शतकानुशतके बेपत्ता होता. तो कोपनहेगनमधील हस्तलिखितांच्या एका संग्रहात असल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले. अभ्यासकांना त्यात अशा काही ग्रंथांचा परिचय घडतो की जे मूळ स्वरूपात आता उपलब्ध नाहीत.

कुकनंतरचा संग्रह

अठराव्या शतकात शोधयात्रा राज्यांच्या खर्चाने आणि शास्त्रज्ञांच्या साथीने होऊ लागल्या, तसे ग्रंथांचे स्वरूपही पालटले. जेम्स कुकच्या पहिल्या प्रवासाचा वृत्तांत जॉन हॉक्सवर्थने १७७३ मध्ये सिद्ध केला आणि त्याबद्दल त्याला सहा हजार पौंड मिळाले. दुसऱ्या प्रवासाचा अधिकृत ग्रंथ १७७७ मध्ये निघाला; पण तरुण गेऑर्ग फोर्स्टरने आपले वर्णन त्याआधी काही आठवडे बाजारात आणले होते. तिसऱ्या प्रवासाचे तीन खंड आणि मोठ्या आकाराचा चित्रसंग्रह १७८४ चा. हे ग्रंथ मोठ्या संख्येने छापले गेल्यामुळे हॅक्लूटच्या मानाने आजही मिळतात. मात्र चित्रसंग्रह वेगळा बांधलेला असल्याने तो खंडांपासून विलग होतो आणि संच अपुरा राहतो.

या परंपरेतील सर्वांत विलक्षण ग्रंथ अलेक्झांडर शॉ याने १७८७ मध्ये लंडनमध्ये काढला. कुकच्या प्रवासांत पॅसिफिक बेटांवरून आणलेल्या, झाडाच्या सालीपासून केलेल्या वस्त्रांचे प्रत्यक्ष तुकडे त्यात पानापानांवर लावलेले आहेत. तुकड्यांची संख्या आणि जात प्रत्येक प्रतीत भिन्न आहे. संगणकाच्या पडद्यावर त्याची छायाचित्रे पाहता येतात, परंतु धाग्यांचा पोत, रंगद्रव्य आणि सालीची जात यांची परीक्षा करण्यासाठी प्रतच लागते. ताहिती वा हवाईच्या ज्या स्त्रियांनी ते वस्त्र कुटून तयार केले, त्यांची नावे मात्र ग्रंथात कोठेही नाहीत. शोधयात्रांचे ग्रंथ हे बहुतांशी जेत्यांचे ग्रंथ आहेत. त्यांचा संग्रह करणाऱ्याने आणि त्यांचा आधार घेणाऱ्या प्राध्यापकानेही हे विसरता कामा नये.

सिडनीचा डेव्हिड स्कॉट मिचेल हा या विषयाचा थोर संग्राहक. १९०७ मध्ये मरताना त्याने सुमारे एकसष्ट हजार ग्रंथ आणि सत्तर हजार पौंड सार्वजनिक ग्रंथालयासाठी ठेवले. संग्रहासाठी योग्य इमारत उभारली जावी, ही त्याची अट होती. वेलिंग्टनच्या अलेक्झांडर टर्नबुलने १९१८ मध्ये आपला संग्रह न्यूझीलंडच्या राष्ट्राला दिला. या दोन संग्रहांवाचून त्या देशांच्या इतिहासलेखनाची कल्पना करणे अवघड आहे.

फोडलेले, भरलेले आणि चोरलेले

या व्यवहाराची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. अखंड ग्रंथापेक्षा त्यातील नकाशे आणि चित्रे सुटी विकून अधिक पैसा मिळतो, हे व्यापाऱ्यांच्या लक्षात आले आणि असंख्य ग्रंथ फोडले गेले. लिन्स्खोटेनच्या ग्रंथातील गोव्याच्या बाजारपेठेचे चित्र भिंतीवर चौकटीत लावलेले पाहून गोव्याचा वा कोकणाचा माणूस हरखतो. ते चित्र कोणत्या पानांमधून उचकटले गेले, हा प्रश्न त्याच्या मनात सहसा येत नाही. सुट्या चित्रामागे मजकूर असेल, घडीच्या खुणा असतील किंवा शिवणीकडील कड कापलेली असेल, तर ग्रंथ कसा फोडला गेला याची साक्ष तेथेच मिळते.

दुसरा प्रकार अपुऱ्या प्रती 'पूर्ण' करण्याचा. एकोणिसाव्या शतकात लंडनचा जॉन हॅरिस गहाळ पानांच्या हाताने रेखलेल्या प्रतिकृती इतक्या हुबेहूब करी की, ब्रिटिश म्युझियमच्या अधिकाऱ्यांनाही त्या ओळखणे कठीण होऊ लागले आणि आपल्या कामावर त्याने खूण करावी असे ठरले. हॅरिसच्या कामात फसवणुकीचा हेतू नव्हता, तो कारागीर होता. परंतु खूण नसलेले असे एखादे पान आज ज्या प्रतीत असेल, तिच्यावर आधारलेला निष्कर्ष तितका कच्चा राहतो.

चोरीविषयी विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही, दोन घटना पुरेत. २००५ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या दुर्मिळ ग्रंथांच्या वाचनकक्षात जमिनीवर एक पाते सापडले आणि त्यावरून एक प्रतिष्ठित नकाशा-व्यापारी पकडला गेला. त्याने विविध ग्रंथालयांतून ९७ नकाशे चोरल्याची कबुली दिली. दुसरी घटना कोलंबसाच्या पत्राची. फ्लॉरेन्स, व्हॅटिकन, बार्सिलोना आणि व्हेनिस येथील ग्रंथालयांच्या लॅटिन प्रती चोरीस गेल्या होत्या. काही ठिकाणी त्यांच्या जागी बनावट प्रती ठेवलेल्या होत्या, त्यामुळे चोरी झाल्याचे वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानातही आले नाही. अमेरिकेतून त्या परत मिळाल्या त्या २०१६, २०१८ आणि २०२३ या वर्षांत. फ्लॉरेन्सची प्रत तर वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आढळली. आपल्या कपाटातील प्रतीचे मोजमाप, कागदावरील जलचिन्हे, कीटकांनी पाडलेली छिद्रे आणि जुने शिक्के यांची पूर्वनोंद ज्या ग्रंथालयाने केलेली असते, त्यालाच चोरीस गेलेली प्रत आपली असल्याचे सिद्ध करता येते.

महाविद्यालयाच्या कपाटात

हॅक्लूट किंवा लिन्स्खोटेन यांच्या प्रथमावृत्त्या आपल्याकडील महाविद्यालयांना विकत घेणे शक्य नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. १८४६ मध्ये स्थापन झालेल्या हॅक्लूट सोसायटीचे संपादित खंड आणि त्यांची नवी दिल्ली येथील पुनर्मुद्रणे अध्यापनास पुरेशी आहेत. बर्नेल आणि टीले यांनी संपादित केलेला लिन्स्खोटेनचा १८८५ चा इंग्रजी अनुवाद कोणत्याही इतिहास विभागाने बाळगावा असा आहे. मूळ ग्रंथांच्या अंकीय प्रतिमाही आता सहज पाहता येतात. मात्र अशी प्रतिमा ही एका विशिष्ट प्रतीची असते. तिच्यात कादिझची पाने दिसली नाहीत म्हणून ती त्या आवृत्तीतच नव्हती, असा निष्कर्ष काढणारा विद्यार्थी फसतो.

खरा प्रश्न आपल्या कपाटांत आधीपासून असलेल्या ग्रंथांचा आहे. एकोणिसाव्या शतकात स्थापन झालेल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत त्या काळातील प्रवासवर्णने, नाविक सर्वेक्षणे, नकाशांचे खंड पडून असतात. मराठीतही महादेवशास्त्री कोल्हटकर यांचा 'कोलंबसाचा वृत्तांत' एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रसिद्ध झाला. त्या काळच्या मराठी पुस्तकांच्या प्रती आज इंग्रजी ग्रंथांपेक्षाही विरळ आहेत. शं. ग. दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'त नोंद आहे, पण पुस्तक कोठे मिळत नाही, हा अनुभव संशोधकांच्या परिचयाचा आहे.

अशा ग्रंथांवर दोन संकटे येतात. पहिले बांधणीचे. जीर्ण ग्रंथ बांधणीस गेला की कारागीर कडा कापून सरळ करतो, मूळ पुठ्ठे आणि कोरी पाने टाकून देतो. त्याबरोबर समासातील टिपा, पूर्वीच्या मालकाची स्वाक्षरी, विक्रेत्याची चिठ्ठी आणि देणगीची नोंद नाहीशी होते. घडीचा नकाशा मधोमध शिवला जातो आणि पुन्हा कधी उघडत नाही. दुसरे संकट निर्लेखनाचे. 'जीर्ण व अनुपयुक्त' या शेऱ्याखाली दाखल नोंदवहीतून ग्रंथ कमी केले जातात आणि वजनावर रद्दीत जातात. नियमाने ते चूक नसेलही. परंतु ग्रंथालय समितीवर असलेल्या प्राध्यापकांनी निर्लेखनाच्या यादीवर स्वाक्षरी करण्यापूर्वी किमान १९०० पूर्वीचे ग्रंथ स्वतः उघडून पाहावेत, पानांची जुळणी करावी, आणि पूर्वीच्या मालकीच्या खुणा टिपून घ्याव्यात, एवढी अपेक्षा अवाजवी ठरू नये. त्यासाठी निधी लागत नाही. एक दुपार लागते. हस्तलिखित रोजनिशी, जहाजाची नोंदवही किंवा पत्रव्यवहार हाती आल्यास १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचाही विचार करावा लागतो, कारण पंचाहत्तर वर्षांहून जुनी ऐतिहासिक मूल्याची हस्तलिखिते त्याच्या कक्षेत येतात व परवान्यावाचून ती देशाबाहेर नेता येत नाहीत.

स्टीफन्सच्या पुराणाकडे पुन्हा वळावयाचे तर, छापील प्रती लयास गेल्या तरी ग्रंथ वाचला तो हातांनी केलेल्या नकलांमुळे. अशा नकलांवरून १९०७ मध्ये मंगळूर येथे रोमन लिपीतील आवृत्ती निघाली आणि तिच्यावरून शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्यात देवनागरी आवृत्ती काढली. दरम्यान देवनागरीतील एक हस्तलिखित लंडनमध्ये असल्याचे, मराठी संतांच्या चरित्रांचे अनुवादक जस्टिन अॅबट यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात निदर्शनास आणले. ते विल्यम मार्सडेनच्या संग्रहातील होते. सुमात्रा येथे कंपनीच्या नोकरीत राहिलेल्या आणि मार्को पोलोचा इंग्रजी अनुवाद करणाऱ्या मार्सडेनने पूर्वेकडील देशांचे ग्रंथ व हस्तलिखिते आयुष्यभर जमविली, १८२७ मध्ये त्यांची सूची छापली आणि १८३५ मध्ये सारा संग्रह लंडनच्या किंग्ज कॉलेजला दिला. महाविद्यालयाने तो सांभाळला आणि विसाव्या शतकात तो प्राच्यविद्येच्या नव्या संस्थेच्या स्वाधीन केला.